झडतीवाल्या दोघी

पुलाच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा, आणि दोन्ही टोकांना प्रवासी बायकांची अंगझडती घेणारी एकेक बाई. अलीकडच्या बाईला सगळे झडतीबाई म्हणत. नवरा गेल्यावर त्याच्याच खात्यात तिला ही नोकरी मिळाली, तेव्हा लेक कडेवर होती. सुरुवातीला परक्या अंगाला हात लावताना तिचीच मान खाली जायची. पुढे सवय झाली, आणि इतकी झाली की एकदा शेजारीण गळ्यात पडून रडत होती, तर झडतीबाईचे हात आपोआप तिच्या कमरेवरून फिरून आले. शेजारणीने नंतर रडायला दुसरं घर शोधलं. झडतीबाईला काय चुकलं ते फार उशिरा कळलं.

पलीकडच्या बाईला ती ताई म्हणायची. दोन्ही काठांवर भाषा एकच होती. देश वेगळे करणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नसावं. झडतीबाईचे हात बारा महिने गार. बायका दचकायच्या, शिव्या घालायच्या. पहिल्याच थंडीत ताई पूल ओलांडून आली आणि गरम पाण्याची रबरी पिशवी तिच्या टेबलावर ठेवून गेली. आधी हात शेक, मग लाव, एवढंच म्हणाली. तेव्हापासून दोघींचं सूत जमलं. दुपारचा चहा कधी या टोकाला व्हायचा, कधी त्या.

कामात मात्र झडतीबाईला दयामाया नव्हती. सख्ख्या नणंदेच्या बुटातून पुडी निघाली तेव्हा तिने एका दमात शिट्टी वाजवली होती. नणंद यथावकाश सुटून आली, पण सासरचं दार झडतीबाईला कायमचं बंद झालं. त्याबद्दल ती कधी हळहळली नाही. ताईने तो किस्सा ऐकून फक्त आणखी चहा ओतला.

त्या वर्षी आजूबाजूच्या सात देशांनी एकत्र बसून ठरवलं की अमली पदार्थ, टोळ्या आणि दहशतवाद यांचा एकजुटीने बंदोबस्त करायचा. करार झाला, फोटो झाला. फोटोत सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले होते, त्यामुळे कुणाचाच हात मोकळा नव्हता. मग करार कितपत चालतो ते बघावं असं कुणाच्या तरी मनात आलं. एका देशाच्या बाईने पुडी लपवून न्यायची, दुसऱ्या देशाच्या बाईने पकडायची, आणि पकडणारीला आधी काही कळता कामा नये. नेण्यासाठी झडतीबाईची निवड झाली. साहेबांनी मैद्याची पुडी तिच्या हातात दिली आणि घरीसुद्धा चकार शब्द काढायचा नाही अशी तंबी भरली.

पलीकडे पकडणारी म्हणजे ताईच. नुकतीच ताईच्या हातून एक बाई माल घेऊन निसटली होती. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं ताईला वरून बजावलं होतं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि तिच्या नोकरीवाचून दुसरा आधार नाही. ताईला सांगावं तर हुकूम मोडतो, न सांगावं तर मन खातं. शेवटी झडतीबाईने लपवायच्या सगळ्या नामी जागा सोडल्या आणि पुडी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली. नव्याने लागलेल्या पोरीचाही हात पहिल्यांदा तिथेच गेला असता. ताई पकडेल, वरचे तिची पाठ थोपटतील, आणि सगळं सुरळीत होईल, असा तिचा हिशेब.

रजा टाकून, पिशवी घेऊन ती प्रवाशांच्या रांगेत उभी राहिली. नाक्यावरचं माणूस प्रवासी म्हणून निघालं की त्याचीही झडती होते, तसा नियमच आहे. पडद्याआड ताईने हात शेकले, लेकीची चौकशी केली आणि कामाला लागली. खांदे, बाह्या, मग स्वेटर. खिशावर हात थांबला. पुडीचा कागद चुरचुरला. झडतीबाईने सुटकेचा श्वास सोडला.

ताईचा हात पुढे सरकला. कंबर, पाय, टाचा. ताईची बोटं कामातून गेली की काय, असं वाटून झडतीबाईने तो खिसा जरा पुढेसुद्धा केला. ताईने तो हळूच मागे सारला. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काही नाही. जाऊ द्या हिला." आणि स्वेटरचं बटण लावता लावता कानाशी, "नदीत टाक ते. कुणाला दिसू देऊ नकोस."

पडद्याबाहेर दोन्ही देशांचे साहेब उभे होते. पुडी निघाली, मैदा निघाला, टाळ्या वाजल्या. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. ताईच्या हाताला लागली होती का, असं साहेबांनी झडतीबाईला विचारलं. सापडली नाही तर नोकरी जाते, सापडून सोडली तर तुरुंग. नाही लागली, असं झडतीबाईने सांगितलं. साहेबांपुढे ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली.

ताईला घरी बसवलं. झडतीबाईला प्रशस्तिपत्र मिळालं, पुडी लपवण्यातल्या असामान्य कौशल्याबद्दल. दोन्ही देशांचं सहकार्य अपेक्षेपेक्षा जवळचं आहे, असं कुणी म्हणालं नाही.

बरेच दिवस मनाची तयारी करून झडतीबाई ताईच्या घरी गेली. ताई नवऱ्याला भरवत होती.

"मैदा होता?" ताईने विचारलं.

"मैदा होता."

"मला वाटलं, कुणी तुझ्या पोरीच्या जिवावर उठलंय. एरवी तू कशाला नेशील?"

झडतीबाईला रडू आवरेना. ती ताईच्या गळ्यात पडली, आणि हात सवयीने ताईच्या कमरेवरून फिरले. ताईने ते फिरू दिले.

"माझ्या खिशात सापडली असती, तर तू काय केलं असतंस?" ताईने विचारलं.

एकदा खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जड गेलं नसतं. पण या बाईपुढे जीभ वळेना.

"शिट्टी वाजवली असती."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. नवऱ्याचं तोंड पुसून तिने पुढचा घास उचलला, आणि चुलीवर पाणी गरम आहे, हात शेकून घे, असं झडतीबाईला सांगितलं.