बोटाला कळणारा खटका

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, नव्या दालनात काचेचं कपाट ठेवायचं ठरलं. त्यात एक टाइपरायटर, अक्षरं जुळवायचे शिशाचे थोडे खिळे, जुन्या छपाईयंत्राचं एक चाक आणि आमच्या निवृत्त छायाचित्रकाराचा फिल्मचा कॅमेरा मांडायचा होता. पहिल्या तीन वस्तू कचेरीतच होत्या. कॅमेरा त्यांच्या घरी, कसबा बावड्यात होता. तो आणण्याचं काम माझ्यावर आलं. त्यांच्याबरोबर सर्वांत जास्त वर्षं मी काढली होती. ते बाहेर, मी बातम्यांच्या टेबलावर. मीही निवृत्त आहे. मुद्रितं तपासायला अधूनमधून जातो.

त्यांना सगळे दादा म्हणतात. गेली काही वर्षं त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला आजार आहे. ज्याच्याकडे थेट बघावं त्याच्या मधोमध धूसर डाग येतो. कडेचं दिसत राहतं. दारातून येणारा माणूस त्यांना चालीवरून कळतो. तोच समोर बसला की आवाजावरून ओळखावा लागतो.

मी निरोप सांगितला. त्यांनी कपाटातून कॅमेरा काढून मांडीवर घेतला.

"चालतोय का, म्हणून न्हाय इचारलं तुमच्या सायबानं?"

कपाटात ठेवायचा आहे, चालला नाही तरी हरकत नाही, असं मी म्हणालो.

"म्हंजे मेलेलाच पायजे."

आतून वहिनी म्हणाल्या, "अवो, द्या की देऊन. वरच्या फळीला माझं डबं तरी मावतील."

"तू गप बस. डब्यांस्नी जागा पायजे म्हणून कॅमेरा घालवू व्हय?"

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. शटरचा वेग ठरवणारी डायल उजव्या बाजूला वर असते. तिच्या कडेच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. आकड्यांचा रंग गेला होता. पण त्यांची तक्रार या दोन्हींबद्दल नव्हती. डायल फिरवली की प्रत्येक वेगावर एक बारीक खटका लागायला हवा. तो लागत नव्हता. डायल दोन वेगांच्या मध्येच कुठेतरी थांबायची. फिल्म पुढे सरकवणाऱ्या दांडीचं प्लास्टिकचं टोक तुटलं होतं. तिथला पत्रा अंगठ्याला कापायचा. भिंगाभोवतीचं रबर ताणून सैल झालं होतं.

दादांच्या कामाची पद्धत मला माहीत होती. ते डायलकडे कधी बघत नसत. तालमीतून बाहेर उन्हात येताना, सभेच्या मंडपातून रस्त्यावर उतरताना, चालता चालता त्यांची तर्जनी डायलवर फिरत असे. सावलीतून उन्हात दोन खटके, ढग आला की एक मागे. कॅमेरा डोळ्याला लागेपर्यंत वेग ठरलेला असायचा. डोळे अधू झाल्यावरही ही पद्धत त्यांना पुरली असती. खटका गेला म्हणून कॅमेरा फळीवर गेला होता, हे मला त्या दिवशी कळलं. डोळ्यांमुळे गेला, अशी माझी समजूत होती. कचेरीतही सगळ्यांची तीच होती.

त्यांनी अट घातली. कॅमेरा दुरुस्त करून आणायचा. ते एक रोल काढणार. फोटो बरे आले तर कॅमेरा घरीच राहील.

"न्हाय आलं, तर घिऊन जा. वर हारबी घाला."

"बरे आले की नाही हे कोण ठरवणार?" मी विचारलं.

"तूच. आयुष्यभर माझ्या फोटोखालच्या ओळी कापल्यास, आता एवढं कर की."

पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने मॉडेल ऐकलं आणि सुटे भाग आता मिळत नाहीत असं सांगितलं. याच जातीचा दुसरा बंद कॅमेरा विकत घ्यायचा आणि त्याचे भाग याला बसवायचे, एवढाच त्याच्याकडे उपाय होता. दादांना हा खर्च मान्य नव्हता. खर्चापेक्षाही, एक जगवण्यासाठी दुसरा फोडायचा हे त्यांना पटलं नाही.

माझ्या पत्नीच्या धाकट्या भावाचा शिरोली एमआयडीसीत लेथचा कारखाना आहे. पंपाचे भाग करतो. कॅमेरा त्याच्याकडे नेला. त्याने उलटसुलट करून बघितला.

"दाजी, एवढंसंच हाय की हे."

"एवढंसं आहे म्हणूनच अवघड आहे."

"सैल झालंय, आणि काय? घट्ट करून देतो."

घड्याळजीचा पेचकस आणून त्याने डायलच्या कडेचे दोन बारीक स्क्रू काढले. डायल उचलली गेली. तिच्याखाली मोहरीपेक्षा लहान पोलादी गोळी होती आणि तिच्या खाली स्प्रिंग. डायलच्या पोटाला गोल ओळीत खळगे असतात. स्प्रिंग गोळीला वर ढकलते, गोळी खळग्यात बसते, तो खटका. स्प्रिंग मरगळली होती आणि खळग्यांच्या कडा घासल्या होत्या. यंत्रणा एवढीच. मेव्हण्याला ती लगेच कळली, आणि पुढची चूकही त्याने लगेच केली.

ती चूक त्याची एकट्याची म्हणता येणार नाही. त्या सगळ्या वसाहतीची ती रीत आहे. तिथे सैल म्हणजे खराब. पंप थरथरला, पट्टा घसरला, बेअरिंगला अंतर पडलं की माल परत येतो. दुरुस्त झालेली वस्तू हलवून बघतात आणि हलली नाही की समाधानाने बाजूला ठेवतात. मेव्हण्याने गोळीखाली जाड तारेची स्प्रिंग घातली. दांडीच्या मुळाशी पत्र्याची चकती दिली. दांडीला लेथवर नायलॉनचं टोक कातून बसवलं. ते टोक मात्र सुरेख झालं होतं. अंगठ्याला बसेल असा उतार त्याने स्वतःहून दिला होता.

"घ्या. आता तुमची नातवंडं आली तरी सैल व्हायचं न्हाय," तो म्हणाला. मजुरी घ्यायला तयार झाला नाही.

मीही डायल फिरवून बघितली. खटका खणखणीत लागत होता. काम झालं असं समजून मी बावड्याला गेलो.

दादांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तर्जनी डायलवर ठेवली. डायल हलली नाही. त्यांनी अंगठा मदतीला घेतला. मग कॅमेरा डोळ्यावरून काढून दोन्ही हातांनी फिरवली. खटका लागला, तो स्वयंपाकघरातही ऐकू गेला असेल.

"ह्यो कॅमेरा हाय का इहिरीवरच्या पंपाचा वॉल?"

त्यांनी दांडी ओढली. तीही जड झाली होती.

"टोक झ्याक केलंय," ते म्हणाले आणि कॅमेरा टीपॉयवर ठेवला. "बाकी ऱ्हाऊ दे. न्यायचा असंल तर आजच ने."

त्यांचा आवाज चढला नव्हता. वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. फळीचा विषय त्यांनी काढला नाही. कचेरीचं काम त्या क्षणी पूर्ण होत होतं. कॅमेरा उचलून निघायचं, एवढंच बाकी होतं. मी एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला घेऊन गेलो. वाटेत तो कुरकुरत होता. घट्ट झालंय ही तक्रार त्याने धंद्यात पहिल्यांदाच ऐकली होती.

दादांनी त्याला बसवलं, चहा दिला. खटका कसा हवा हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. हलका म्हणावं तर मेव्हण्याला सैल ऐकू येत होतं. शेवटी ते उठले आणि भिंतीवरच्या पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरपाशी गेले.

"पावणं, हिकडं या. बोट ठेवा हितं. एकच बोट."

मेव्हण्याने ठेवलं. दादांनी त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवून बटण फिरवलं. एक, दोन, तीन. पंखा वेग घेऊ लागला. टीपॉयवरचा पेपर उडाला.

"बोटाला कळलं पायजे, पर बोटाला जोर लागाय नगं. समजतंय का?"

"परत फिरवा की," मेव्हणा म्हणाला.

पंखा मंदावला, पुन्हा वाढला. वहिनी आतून ओरडल्या, "आरं, तो पंखा जाळतासा काय? नवा बसवायला सांगितला तर सा म्हयनं झालं, उठत न्हाईत. आणि आता खेळाय लागल्यात."

"वैनी, मी बसवून देतो नवा," मेव्हणा म्हणाला.

"हे रेग्युलेटर ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले.

मेव्हणा चहा अर्धा ठेवून बराच वेळ ते बटण फिरवत उभा होता. परत जाताना तो कुरकुरला नाही. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर थांबून त्याने एक साधा लायटर घेतला. त्याच्या पोटात चकमकीच्या खड्याला वर ढकलणारी बारीक स्प्रिंग असते. कारखान्यात ती काढून त्याने डायलखाली बसवली, फिरवून बघितली, पुन्हा उघडून तिचा वेढा कापला, पुन्हा बसवली. प्रत्येक वेळी डोळे मिटून एका बोटाने डायल फिरवायचा. मशिनवरची माणसं बघत होती. खळग्यांच्या कडा त्याने बारीक टोकाने साफ करून घेतल्या आणि दांडीखालची चकती काढून टाकली.

एक अडचण उरली. मोजायला सुरुवात कुठून करायची, ते बोटाला कळायला हवं. पूर्वी त्यासाठी एका आकड्याच्या बाजूला जरा उंचवटा होता, तो झिजला होता. डायल घेऊन मी बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे गेलो. आता तो यंत्राने कोरतो, पण जुना छिन्नी-हातोडाही जवळ ठेवतो. छिन्नीने ठिपका उठवला की त्याच्या कडेला धातूची किंचित धार उभी राहते. मला तीच हवी होती.

"नाव काय घालायचं?"

"नाव नको. फक्त एक ठिपका. इथे."

"निस्ता ठिपका? आवो, नाव घाला की. हरवलं तर कुणाचं म्हणून सांगणार?"

"हरवणार नाही."

"ताटल्या-वाट्याबी हरवणार न्हाईत म्हणत्यात. मग लग्नाच्या पंगतीतनं माझ्याकडंच येत्यात, ही कुणाची वळखा म्हणून."

त्याने लाकडाच्या ठोकळ्यावर डायल धरून एकच टोला घातला. ठिपका जागेवर पडला. एका ठिपक्याचे काय घ्यायचे ते ठरेना, तेव्हा त्याने मला जायला सांगितलं.

डायल पुन्हा बसवून कॅमेरा बावड्याला नेला, तो दादांनी हातात घेतला. तर्जनी फिरवली, थांबले, मागे आणली. दांडी ओढली, शटर दाबलं. पुन्हा तेच. वहिनी आतून विचारत होत्या, झालं का एकदाचं? सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा आणवून त्यांनी भिंगाभोवतीचं रबर स्वतः बदललं. साबणाचं पाणी लावून कडं वर चढवलं.

रोल त्यांनी घराजवळच काढला. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. उसाचे ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला रांगेत उभे होते. मी बरोबर होतो. झाडाखालून उन्हात आले की त्यांचं बोट हलायचं. खटका मला ऐकू येत नव्हता. फोकसचं अंतर ते अंदाजाने लावत. एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "काका, पेपरात येणार का?" दादा म्हणाले, "ते ह्यांस्नी इचारा. ओळी ह्ये कापत्यात."

फिल्म त्यांनी न्हाणीघरात धुतली. अंधारातलं काम होतं. तिथे त्यांचं माझ्यापेक्षा काही अडलं नाही. वाळल्यावर मी ती पट्टी खिडकीशी धरली. दादा खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे त्यांना मी दिसत होतो.

इथे मला जे दिसलं ते तसंच सांगावं लागणार होतं. चांगलं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण मी चांगलं म्हणालो आणि ते खोटं असलं, तर त्यांना ते माझ्या आवाजातून कळलं असतं. मी पट्टी भिंगाखाली पुन्हा तपासली.

"उजेड सगळीकडे सारखा आहे," मी म्हणालो. "उन्हातला आणि सावलीतलाही. एकही फ्रेम जळलेली नाही की काळी पडलेली नाही."

"आणि?"

"लांबचे ट्रॅक्टर स्पष्ट आहेत. उसाचं पान वेगळं दिसतं. जवळचे चेहरे पुसट आलेत. फोकस नाही."

"सगळं?"

"जवळचे सगळे."

वहिनी ओट्याशी थांबल्या होत्या. पाण्याचा नळ बंद केल्याचं ऐकू आलं.

"म्हंजे डायल बरी झाली," ते म्हणाले. "बाकीचं तिच्या हातात न्हाय."

"अट फोटो बरे येण्याची होती," मी म्हणालो. "लांबचे बरे आहेत."

"मग लांबचंच काढू की. चालता कॅमेरा काचेत कोण ठिवंल?"

मी तिथूनच कचेरीत फोन केला. कॅमेरा चालू स्थितीत आहे, वापरात आहे, मिळणार नाही, असं कळवलं. पलीकडच्या तरुण संपादकाने वापरात म्हणजे कसला वापर, असं विचारलं. फोटो काढतात, असं मी सांगितलं. कपाटात त्याऐवजी दुसरं काय ठेवायचं, हे मग त्यांनी त्यांचं ठरवलं.

दादांनी नवा रोल भरला होता. ते पायरीवर येऊन उभे राहिले.

"अगं ए, भाईर ये जरा."

"माझा कशाला फोटू? हात ओलं हाईत."

"हाताचा न्हाय काढत. जा, त्या भिंतीपर्यंत जा."

"आयुष्यभर जगाचं फोटू काढलंसा, आणि आता मला भिंतीला पाठिवतासा व्हय?" बोलत बोलत वहिनी अंगणातून निघाल्या. दादांनी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांची तर्जनी एक खटका पुढे गेली.

"आजून मागं," ते म्हणाले. "आजून. हां, तितं. तितं दिसतीयास."