निळ्या वड्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? – कोण जाणे. बसा जरा. गोष्ट तशी हसण्यासारखी आहे, मीही आठवून पुष्कळदा हसले आहे. पण एका जागी आले की हसू अडकतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोह्याला आमचा साबणाचा कारखाना होता – कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, एक मोठी कढई, लाकडी साचे आणि मी. नवरा दुकानांतून माल पोचवायचा, साबण मी करायचे. कपडे धुण्याच्या निळ्या वड्या. नागोठण्यापासून कोलाडपर्यंत लोक आमचा साबण नावानं मागून घ्यायचे आणि मला त्याचा गर्व होता. हो, गर्वच.

त्या वर्षी मोठ्या उधाणानं पेणच्या बाजूला खाडीचा बांध फुटला. भातशेतीत खारं पाणी शिरलं, हाताशी आलेलं पीक गेलं. पेणला टिपणीसबाई म्हणून निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी स्वतःची पडवी रिकामी केली आणि तिथे धान्यघर काढलं. व्यापाऱ्यांनी माल आणून ठेवायचा, ज्याला गरज त्यानं न्यायचा. बाईंची अट एकच – स्वतःच्या घरात वापराल तेच द्या. आणि काय सांगू, लोक देत होते हो! पोह्यांच्या गिरणीचे मालक विकायचे पोहे बाजूला ठेवून आधी दानाचे चाळून घ्यायचे. तेलवाले शेठ नवे डबे आणायचे, सील न फोडलेले. एका भांडीवाल्यानं पातेली दिली तीही झाकणांसकट – झाकणाशिवाय भात कसा शिजणार, म्हणाला. अशा माणसांच्या रांगेत मीही मिरवत होते. दर महिन्याला माझी साबणाची खोकी पेणला जायची.

मग तो एक घाणा बिघडला. कढईत रंग घातला, तेवढ्यात घरात फोन वाजला, बोलून आले आणि पुन्हा रंग घातला. वड्या दिसायला काय देखण्या! मोराच्या गळ्यासारख्या. एक पांढरा परकर धुऊन पाहिला, तोही मोराच्या गळ्यासारखा झाला. म्हणजे मला कळलं होतं. पुढचं ऐकताना एवढं विसरू नका – मला कळलं होतं.

फेकून द्यायला हवा होता ना? पण मन होईना. टेम्पो पेणला निघतच होता, त्यात तीच खोकी चढवली. फुकटच्या साबणाची तक्रार कोण करतंय – असं मनात म्हटलं. अगदी याच शब्दांत.

थोड्याच दिवसांत मिठागरात काम करणाऱ्यांचं एक आख्खं गाव निळं झालं. उशा निळ्या, लुंग्या निळ्या, दोरीवरची दुपटी निळी. तिथलं भजनी मंडळ डोक्यावर टोप्या घालून दुसऱ्या गावी गेलं, तर लोकांनी विचारलं, गणवेश कधी शिवलात? टिपणीसबाई फोनवर हे सांगताना हसून हसून थांबत होत्या. इकडे मीही हसत होते.

मग बाई स्वतःच रोह्याला आल्या. बरोबर त्या गावची भिमाबाय. मिठागरात राबणारी, काटक, बोलायला गोड. हातात मुलाचा शाळेचा सदरा – तुम्ही ओळखलंच, निळा.

"रागावू नको हां ताई," भिमाबाय म्हणाली. "पन साबनात कायतरी झालंय काय गो?"

रागावू नको – आणि हे ती मला म्हणत होती! 'हो' एवढं एक अक्षर पुरे होतं. पण टिपणीसबाई कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या. मी सदरा उजेडात धरला, बोटांनी चोळला, वाससुद्धा घेतला, एखाद्या डॉक्टरणीसारखा. आणि म्हणाले, "साबणात काही नाही. तुमच्या विहिरीत खाडीचं पाणी झिरपलंय, जिभेला कळणार नाही एवढंच. खाऱ्या पाण्यात रंग असाच धरतो."

त्या गावाला विहीर एकच. खाडीच्या तोंडाशी असून गोड्या पाण्याची. भिमाबायचा चेहरा उतरला. "व्हय," ती हळूच म्हणाली, "बांध फुटला तवाच शिरलं आसंल."

मी तत्परतेनं जुनी खोकी परत मागवली आणि चांगल्या घाण्याची दिली. "दोष पाण्याचा, आणि बदलून तू देतेस!" म्हणत टिपणीसबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आता गंमत बघा. बायका धुणं घेऊन बांधावरून शेजारच्या गावच्या तळ्यावर जाऊ लागल्या. साबण नवा, त्यामुळे कपडे पांढरेशुभ्र निघाले. झालं! माझं खोटं सिद्धच झालं. मग त्यांना वाटलं, जे पाणी कपड्याला चालत नाही ते पोरांना कसं पाजायचं? पिण्याचं पाणीही तिकडूनच येऊ लागलं. दिवसभर मीठ ओढायचं आणि वर डोक्यावर हंडे घेऊन त्या अरुंद बांधावरून चालायचं, भर उन्हाळ्यात. टिपणीसबाई मला सगळं सांगत. दर वेळी मला बोलता आलं असतं. एक दिवस भिमाबाय हंड्यासकट बांधावरून घसरली, पाय मोडला. तो पुढे सांधला, पण वाकडा. अजून ओढत चालते. ते कळल्यावर मी काय केलं? – साबणाचं एक खोकं जास्त पाठवलं.

पावसाच्या तोंडावर भिमाबायची सून बाळंत झाली. तळ्यापर्यंत जाणं तिला जमेना, म्हणून तिनं बाळाची दुपटी गुपचूप विहिरीवरच धुतली. ती पांढरी निघाली! गावात आनंदीआनंद – हीर बरी झाली. विहिरीची पूजा ठरली आणि नारळ फोडायला मला बोलावलं. रोग ओळखला कुणी? मी!

मी गेले. चांगली साडी नेसून गेले. काठाला हळदकुंकू, आंब्याची डहाळी, पोरांची पळापळ. मी नारळ वाढवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिमाबायनं काठीला टेकून विहिरीचं ताजं पाणी काढवून घेतलं आणि पहिला तांब्या माझ्या हातात दिला.

"पी गो ताई. तू हायस म्हनून कळलं, नायतर पोरांनी खारंच प्यालं असतं."

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी प्यायले. पाणी गोड होतं – कधीच खारं नव्हतं.

"आता गोड झालंय," मी म्हणाले.

मग पंगत बसली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, गुळाची खीर. भिमाबाय लंगडत लंगडत मला आग्रह करत होती, आणि मी पोटभर जेवले.