परदेशातली मदत

धारणीला जीप भरेपर्यंत आई माझ्या तान्ह्या लेकीला पदराखाली धरून उभी होती. जीप सुटताना एवढंच म्हणाली, "परदेशात चालली माय. कोनासमोर मान खाली घालून बसू नको." आईसाठी अकोला म्हणजे परदेशच. मलाही तसंच वाटत होतं.

आई, तुला वाचता येत नाही, तरी लिहिते. मान खाली घालूनच मी इथे राहिले. डाळ मिलमध्ये काम मिळालं, लेक वस्तीतल्या पाळणाघरात राहू लागली. त्याचे पैसे साता समुद्रापलीकडून येतात, हे मला ठाऊक नव्हतं.

तीन वर्षं अशीच गेली. यंदा ते पैसे बंद होणार असं कानावर आलं. गाव सोडून आलेल्यांना अशा मदतीचा खरंच उपयोग होतो का, याचा अभ्यास करायला अर्थशास्त्राच्या एक मॅडम आल्या. आम्ही सगळ्या पाळणाघरात जमलो. मी दाराशी बसले, तरी त्यांनी मलाच विचारलं, "ताई, परदेशातून काय मदत मिळाली तुम्हाला?"

मी म्हटलं, "जुबेदा खालानं खोली देली. गॅस पेटवाले शिकवलं."

सगळ्या हसल्या. शेजारच्या जुबेदा खालानं कपाळावर हात मारला. "अरी बाई, मैं कब परदेस गई? तू तं पाळणाघर बंद करून टाकशीन!"

बंद म्हटल्यावर माझी मान वर झाली. "मॅडम, मले अकोलाच परदेश. गावात लेकीले आई पाहे. इथं कोन पाहीन? मिलच्या धुळीत नेली तं खोकलून खोकलून बेजार होते. पाळणाघर नसलं तं मले वापस जा लागीन. अन् मले वापस जायचं नाही."

आई, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. चारचौघींत बोलून बसले.

मग मॅडम प्रत्येकीला आधी विचारू लागल्या, "तुमचा परदेश कोणता?" खाला म्हणाली, "मेरा तो ससुराल!"

पाळणाघर चालू राहिलं. सगळ्याच बोलल्या म्हणून राहिलं. पण पहिली मी बोलले.

काल फोनवर लेकीनं तुला विचारलं, "आजी, आमच्या गावाले कधी येशीन?" तुला वाटलं, पोर चुकली. तू हसलीस. मी मात्र तिला टोकलं नाही.