अण्णांच्या होडीची मोटार

वडील गेल्यावर त्यांच्या वस्तूंचं काय करायचं, हे प्रत्येक घराला ठरवावं लागतं. आमच्याकडे चष्मा, छत्री आणि भूगोलाची पुस्तकं यांचा निकाल लवकर लागला. राहिली होडी.

अण्णा भूगोलाचे शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या बोट क्लबातून शिडाची एक लहान फायबरची होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली आणि इसापूर धरणाच्या पाण्यात सोडली. मी सुट्टीत आले की मलाही शीड ओढायला बसवत. संध्याकाळी वारा पडला की परत येण्यासाठी होडीच्या मागच्या फळीला पेट्रोलचं एक छोटं इंजिन अडकवलेलं असे. आम्ही त्याला मोटार म्हणायचो. अण्णा गेले त्याच्या थोडं आधी ती गेली. तिचं सुतक त्यांनी एकट्यानेच पाळलं.

मला होडी ठेवायची होती. आईची अट एकच. "वारा पडल्यावर तुझी वाट बघत मी काठावर बसणार न्हाई. ह्यांच्यापायी लई बसले. मोटार लाव, माझ्यासमोर चालवून दाखव. न्हाई तर मामाला देऊन टाक."

मामाला ती म्हशींना पाणी पाजायला हवी होती. "फायबर हाय, अक्का. सडत न्हाई, गळत न्हाई. समद्या म्हशी एका टायमाला पितील." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. दाजींची आठवण रोज डोळ्यांसमोर राहील, असंही तो म्हणाला.

मोटार निवडायची म्हणून मी वाचायला बसले. मला दुसरं काही येत नाही. हलक्या होडीला जड इंजिन लावलं तर मागची बाजू पाण्यात बसते. इंजिनाखालचा दांडा फळीच्या उंचीला जुळला नाही तर त्याच्या टोकाचा पंखा हवेतच फिरतो. मी टेप घेऊन फळी मोजली आणि अडीच एचपी, आखूड दांडा, असं ठरवलं.

मामा आखाडा बाळापूरचा शेतकरी. विहिरीतल्या मोटारींच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा. तो मला वारंगा फाट्यावर पंपांच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बोअर किती फुटाची?"

"बोअर नाही. धरण आहे."

"मग पाणी कुठवर चढवायचं?"

"चढवायचं नाही. पाण्यावरून जायचं आहे."

"कोणाला?"

"मला."

त्याने मामाकडे बघितलं. मामा हळू आवाजात म्हणाला, "वडील वारले हिचे." दुकानदाराने चहा मागवला.

शेवटी मोटार मुंबईहून मागवली. खोकं उघडल्यावर मामा तिच्याभोवती फिरला, बाजारात गोऱ्हा बघावा तसा.

"अडीच? अडीचवर कडबाकुट्टी बी रडत चालते. साडेसात घ्यायची होती, माय. लाइट कमी आली तरी तकलीफ न्हाई."

"ही पेट्रोलवर चालते, मामा."

"तरी बी."

ठरलेल्या दिवशी आई काठावर सतरंजी टाकून बसली. मी शिडाच्या दोऱ्या सोडवत होते, तोवर मामाने मोटार फळीला बसवली, स्क्रू आवळले, सगळी बांधाबांध केली आणि हळदकुंकू लावलं. मी होडीत बसून मोटार सुरू केली. पहिल्याच झटक्यात. होडी डौलात निघाली, थोडी पुढे गेली आणि थांबली.

मोटार ओरडत होती, मागे पाणी फेसाळत होतं आणि समोरची टेकडी जवळ येत नव्हती. मी वेग वाढवला. होडी जागच्या जागी थरथरली. वाचलेल्यात असं कुठेच नव्हतं.

"म्हणलं व्हतं ना," मामा काठावरून म्हणाला. "पावर कमी पडून राहिली." त्याला मनापासून वाईट वाटत होतं, आणि म्हशींसाठी बरंही वाटत होतं.

मी मोटार मंद केली, म्हणून पुढचं ऐकू आलं. आई उठून काठावरच्या बाभळीपाशी गेली होती.

"हे काय बांधलंस रे?"

"दोर. मोटारीचा."

"काहून?"

"काहून म्हंजे? बिनदोराची मोटार पाण्यात कोण सोडतं, अक्का? तळाला गेली तर काढायची कशी?"

मी मागे वळून बघितलं. आमच्याकडे विहिरीत मोटार सोडताना तिला दोर बांधतात आणि दुसरं टोक वर झाडाला आवळतात. मामाने जन्मभर तेच केलं होतं. आजही, कोणी न सांगता, एक टोक मोटारीला आणि एक बाभळीला.

आईला गप्प बसता आलं असतं. मोटार चालली नाही, हे तिघांनीही बघितलं होतं. ती खाली वाकली आणि गाठ सोडायला लागली. मामाची गाठ सहज सुटत नाही. तिने दात लावले, तेव्हा ती सुटली.

"अक्का, आजच्या दिवस मी हातात धरतो," मामा म्हणाला.

"सोड रे."

मी ओला दोर ओढून होडीत घेतला. टेकडी हळूहळू जवळ यायला लागली. बऱ्याच वेळाने मागे बघितलं, तेव्हा मामा गुडघाभर पाण्यात उभा राहून काहीतरी समजावत होता. आईने सतरंजीची घडी केली होती आणि ती घराकडे निघाली होती.