पेरांवरचे दहा शब्द

ही हकिकत मी सहा वर्षं टाळली. कुणी शेजारच्या त्या मुलाचा विषय काढला की मी चहा ठेवायला उठायचो. बायकोला वाटायचं, मला वाईट वाटतं म्हणून. वाईट वाटतच होतं, पण कारण तिला माहीत नव्हतं.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात तो आमच्या शेजारी वाढला. माझ्या मुलाच्या बरोबरीचा, त्याच्या मराठी मित्रांचं ऐकून मला काका म्हणणारा. पुढे तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक झाला. चेंडू पोटाशी धरायचा आणि धिप्पाड माणसांच्या भिंतीत फट शोधून घुसायचं, हे त्याचं काम. रविवारी टीव्हीवर तो पळू लागला की आमची फोडणी करपायची. पण रनिंग बॅक तिशीच्या आत म्हातारा होतो. तो सत्तावीस वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या जागेवर डोळा ठेवून दोन ताज्या दमाचे तरुण संघात आले होते.

त्या ऑक्टोबरात त्याच्या डोक्याला मार लागला. तपासणीत पास झाल्याशिवाय मैदानात उतरता येत नसे. संघाचे डॉक्टर दहा शब्द सांगत आणि थोड्या वेळाने विचारत. दोनदा त्याला चारच्या पुढे आठवेना. मग तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला, खिडकीकडे पाठ करून, कारण उजेड डोळ्यांना खुपत होता.

"काका, तुम्ही म्हणे अख्खी पुस्तकं पाठ करायचात. मला दहाच शब्द हवेत."

"डोकं दुखतंय का अजून?"

"तुम्हीपण डॉक्टर झालात का?"

तो हसला. मीही हसलो. तिथेच मी थांबायला हवं होतं. मी तीस वर्षं मोटारींच्या टकरी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. गाडी भिंतीवर आदळायची आणि आतल्या पुतळ्याच्या डोक्याला किती धक्का बसला ते मोजायचं, हीच माझी नोकरी. पुतळ्याचं डोकं बदलून मिळतं, माणसाचं नाही, हे वाक्य मी नव्या इंजिनिअरांना पहिल्याच दिवशी ऐकवायचो.

पण समोर परीक्षा होती. परीक्षा म्हटली की माझ्यातला पुण्याचा, बोर्डात आलेला विद्यार्थी जागा होतो. जप मोजताना आजोबा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे, तसं मी त्याला शिकवलं. एकेका पेरावर एकेक शब्द ठेवायचा आणि त्याचं चित्र डोळ्यांपुढे आणायचं. लिंबू, पूल, घोडा, शिडी, अशी यादी करून चार दिवस सराव करून घेतला. डॉक्टरांचे शब्द वेगळे होते, पण पेरं तीच. त्याला दहाच्या दहा आठवले. त्याचा फोन आला तेव्हा माझाच निकाल लागल्यासारखा मी घरभर फिरलो.

त्या रविवारी त्याच्या तिसऱ्याच धावेत दोघे दोन बाजूंनी आले. तो पडला. त्याचे हात कोपरात वाकून हवेत तसेच ताठ राहिले. टीव्हीवर जाहिरात लागली. बायको काहीतरी विचारत होती, मला तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते.

पुढे त्याची आई त्याला घेऊन तासाभराच्या अंतरावर राहायला गेली. गेल्या उन्हाळ्यात मी एकदाचा तिथे गेलो. तो व्हरांड्यात खुर्चीत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं नाही. अंगठा मात्र पेरांवरून सरकत होता आणि तो पुटपुटत होता. लिंबू. पूल. घोडा. शिडी. सातव्या पेरावर तो अडला आणि पुन्हा लिंबापासून सुरू झाला. मी पायरीवरच खिळलो. त्याच्या डोक्यात काय उरलं असेल याचा मी खूप विचार केला होता. माझी यादी उरली असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

"दिवसभर हेच चालतं," आई म्हणाली. "माझं नाव विसरतो, हे नाही विसरत. शाळेत असताना तुम्हीच शिकवलंत ना?"

मग ती त्या डॉक्टरांबद्दल बोलत राहिली. त्यांनी डोळे मिटून पास केलं, तिने त्यांना कधीच माफ केलं नाही, त्यांची नोकरी गेली ते बरंच झालं.

गाडीत तासभर घोकलेली वाक्यं माझ्याही पेरांवर तयार होती. अंगठा पहिल्या पेरावर होता.

"हो," मी म्हणालो, "शाळेसाठीच."

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि आभार मानले. पेरं झाकली गेली. त्यांच्यावर होतं ते असं: डॉक्टरांनी नीट तपासलं होतं. त्यांना फसवायला मी शिकवलं. त्याचं डोकं दुखत होतं, हे मला माहीत होतं. मला माफ करा.