एका ओळीत दोन सात

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या आजी वर्तमानपत्रातलं सुडोकू सोडवत होत्या. शेवटचं घर उरलं आणि त्यांची पेन्सिल थांबली. एकाच ओळीत दोन सात येत होते. सुरुवातीला अंदाजाने टाकलेला एखादा आकडा इतका वेळ निमूट बसून राहिला होता.

"उत्तर खालीच उलटं छापलंय," मी म्हणालो.

"ते त्यांचं. मला कुठे आलंय अजून?" म्हणत त्यांनी खोडरबराने अख्खं कोडं पुसलं. छापलेले आकडे तेवढे राहिले.

मला ते बघवेना. मी असतो तर एक सात खपवून पान उलटलं असतं. असे किती सात मी आजवर खपवलेत! गुडघ्याचा व्यायामही त्यातलाच. करायचा नाही, पण वहीत पेन्सिलीने खूण मात्र रोज करायची.

तेवढ्यात आजींना आत बोलावलं. त्या वॉकर धरून उठल्या.

"काल बारा पावलं झाली ना, आजी?" थेरपिस्ट मुलीने विचारलं.

"बाराव्याला तू धरलं होतंस. आज पहिल्यापासून मोज."

त्यांचा खोडरबर बाकावरच राहिला होता. मी वही उघडली आणि खोट्या खुणा पुसायला घेतल्या.