मेथी, मासे आणि बाबांचं जेवण

बाबांनी जेवण टाकलं तेव्हा मी आधी आरडाओरडा केला, मग विनवण्या केल्या आणि मग ठाण्याला जाऊन मासे आणले. असं लिहिलं की वेड्यांचा बाजार वाटतो, पण झालं ते ह्याच क्रमाने.

आई गेली आणि खडवलीचं घर बंद करून आम्ही बाबांना डोंबिवलीला घेऊन आलो. मी एकुलती एक मुलगी, नवरा अबोल आणि सोशिक, त्यामुळे कोणाकडे राहायचं हा प्रश्नच नव्हता. बाबा आले, हॉलमधल्या खिडकीजवळची खुर्ची धरली आणि तिथेच बसायला लागले. जेवायला हाक मारली की यायचे, दोन घास खायचे आणि उठायचे. भूक नाही म्हणायचे. भूक नाही म्हणजे काय? हा माणूस एकेकाळी आमटी-भातावर आमटी-भात घेणारा. बघता बघता गालफडं बसली, सदरा खांद्यावरून उतरायला लागला. डॉक्टरांनी वजन केलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल. आईला शेवटी तीच नळी लावलेली. बाबा रोज तिच्या उशाशी बसून ती बघायचे, आणि मी बाबांकडे बघायचे. त्यामुळे डॉक्टर पुढे काय बोलले ते मला काही ऐकू आलं नाही.

माशांची कल्पना माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीची. तिच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये खाली काचेची टाकी, टाकीत मासे, आणि वर एका ट्रेमध्ये भाजक्या मातीच्या गोळ्यांत पालक, पुदिना असलं काय काय वाढत होतं. छोटासा पंप खालचं पाणी वर चढवतो, ते गोळ्यांमधून झिरपून परत टाकीत पडतं. मासे घाण करतात, ती घाण झाडांचं खत होते, पाणी निवळून पुन्हा माशांकडे. म्हातारी माणसं तासन्‌तास बघत बसतात, म्हणाली, मन रमतं. मी दुसऱ्याच दिवशी टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने बजावलं की आधी काही आठवडे पाणी असंच फिरू द्या, घाण पचवणारे जंतू त्या गोळ्यांवर बसायला वेळ लागतो. ते नसतील तर माशांच्या घाणीचा अमोनिया होतो आणि मासे आपल्याच पाण्यात मरतात. मी मान डोलावली आणि टाकी, ट्रे, पंप आणि सहा गोल्डफिश, सगळं त्याच दिवशी घेऊन आले. इथे माणूस उपाशी आणि ह्याला जंतूंची पडलेली.

बाबांनी ते सगळं प्रकरण चष्म्यातून नीट न्याहाळलं. मातीशिवाय मेथी लावणार म्हटल्यावर विचारलं, "मातीने काय पाप केलं होतं?" मला इतकं बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी काहीतरी टोमणा मारलेला.

आणि मग बाबा जेवायला लागले, अगदी खरं सांगते. जेवणाचं टेबल टाकीजवळ सरकवलं होतं, तर आधी अख्खी पोळी संपवायला लागले, मग मागून भात घ्यायला लागले. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दृष्ट लागते हो. नवऱ्यालासुद्धा स्वयंपाकघरात नेऊन कुजबुजत सांगितलं.

दृष्ट लागलीच. पाणी गढूळ व्हायला लागलं, त्याला एक कुबट वास यायला लागला, मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून बसायला लागले. दुकानदाराने पाणी तपासायचं किट दिलेलं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवायचं आणि थोडा वेळ थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. माझं हिरवंगार. मी पाणी बदललं, पुन्हा हिरवं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून घरातल्या झाडून सगळ्या बादल्या भरून ठेवल्या, नवरा बिचारा तांब्याने आंघोळ करायला लागला. तरी हिरवं. मग मला एमआयडीसीकडून येणाऱ्या वासाचा संशय आला, मी खिडक्या लावून घेतल्या. मग वाटलं, सोसायटीने गच्चीवरची टाकी धुताना ब्लीचिंग पावडर जास्त टाकली असणार. खाली जाऊन सेक्रेटरीशी भांडून आले. ते म्हणाले, मॅडम, बाकी कोणाची तक्रार नाही. बाकी कोणाचे वडील माशांच्या जिवावर जेवत नव्हते, हे मी त्यांना काय सांगणार.

दुकानदार फोनवर शांतपणे म्हणाला की खाणं जास्त होतंय. मी चिडले. मी रोज सकाळी चिमूटभर दाणे घालते, त्याउपर एक कण नाही, असं त्याला सुनावलं. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

मग एक मासा गेला. पहिल्यांदा बाबांनीच बघितला. त्या दुपारी त्यांनी भाताला हात लावला नाही. उरलेले पाच गेले तर काय होईल हे शेंबड्या पोरालाही कळेल इतकं मला स्पष्ट दिसत होतं. मी क्लास घेते, घरीच, आठवी-नववीची मुलं येतात. त्या आठवड्यात समीकरणं शिकवता शिकवता माझा डोळा टाकीकडे, कोण वर आलंय, कोण तळाशी बसलंय. मुलंच मला पुढची ओळ सांगायची.

पंप मंदावला म्हणून तो उघडला, तर आत पांढरा बुळबुळीत थर. बोटाने चोळून बघितलं, तो शिजलेला भात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभी राहिले. बाबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि ताटाच्या उजव्या अंगाला भाताची छोटी छोटी शितं मांडली. ह्या चित्राहुती. पहिला घास आपल्या तोंडात घालायच्या आधी बाजूला काढायचा भात, जन्मभर ते रोज ठेवत आलेत, मला त्यात नवीन काहीच नव्हतं. जेवण झालं. मग त्यांनी त्या चित्राहुती आणि त्यासोबत ताटातला चांगला घासभर भात मुठीत घेतला, उठले आणि टाकीत सोडला. पाचही मासे धावले. बाबा वाकून बघत राहिले.

तेव्हा मला खडवलीचं मागचं दार आठवलं. तिथून पायवाट नदीवर उतरते. आई रोज दुपारी त्या चित्राहुती आणि उरलेला भात घेऊन जायची, पाण्यात टाकायची, आणि बाबा हात धुवायच्या निमित्ताने तिच्या मागे जाऊन उभे राहायचे. मासे पायरीपर्यंत यायचे. आमच्या गॅलरीला कबुतरांची जाळी, इथे चिमणी फिरकत नाही. इतके महिने त्यांच्या चित्राहुती ओल्या कचऱ्यात जात होत्या. बाबांचं मन माशांत रमलं नव्हतं. त्यांचा घास घ्यायला कोणीतरी आलं होतं, म्हणून ते जेवत होते.

आता इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर बाबा जेवायचे थांबतील, न सांगावं तर मासे मरतील आणि बाबा थांबतील ते थांबतीलच. मी आधी चोरून मारून निभावायचं ठरवलं. बाबा वामकुक्षीला आडवे झाले की टाकीत रबरी नळी लावून तळातला भात ओढून काढायचा. पण अर्धा भात पंपातून वर त्या गोळ्यांत जाऊन कुजत होता. शितं तिथं भुतं म्हणतात, माझ्याकडे शितं तिथं अमोनिया.

शेवटी सांगितलं. अगदी हळू, जमेल तितकं गोल गोल फिरवून. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तो मासा माझ्यामुळे गेला?" मी म्हटलं, छे, तसं नाही, बरीच कारणं असतात. मला खोटं बोलता येत नाही, माझं तोंड लगेच पडतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्राहुती ठेवल्या नाहीत. भात घेतला नाही. वाटीभर ताक प्यायले आणि उठले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी हळूहळू पिवळ्याकडे यायला लागलं आणि बाबांचा चेहरा पुन्हा ओढला. मी भरलेलं ताट उचलून आत नेलं, ओट्यावर ठेवलं, तसंच परत आणून त्यांच्यासमोर आदळलं.

"घाला भात त्यांना. मेले तर मेले. तुम्ही जेवा."

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. "अगं, ज्याला घास द्यायचा, त्यालाच मारायचं?"

मी रडले. संतापानेच रडले. बाबा म्हणाले, ते तुझं किट आण बघू.

तेव्हापासून आमच्याकडे एक नवाच सोवळ्याओवळ्याचा प्रकार सुरू झाला. ताट वाढायचं, मी नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. बाबा हात मांडीवर ठेवून थांबणार. मग नळी खिडकीच्या उजेडात धरून रंगांच्या कार्डाशी ताडून बघणार. पिवळं असलं तर चित्राहुती ठेवायच्या, जेवायचं, आणि शेवटी टाकीत एकच शीत सोडायचं. बाकीची शितं मी खाली कुंपणाजवळ ठेवून येते. हिरवी झाक दिसली तर त्या दिवशी शीत नाही, भात नाही, नुसतं ताक. शितावरून भाताची परीक्षा ऐकली होती. इथे पाण्याच्या रंगावरून बाबांना अन्न मिळणार की नाही हे ठरायचं, आणि ती नळी माझ्या हातात. पण एक मात्र झालं, दुकानदाराचे जंतू एकदाचे गोळ्यांवर बसले. पाणी निवळलं, मेथी दोन बोटं वर आली, बाबांचं वजन थोडं वाढलं. तरी मी कोणाकडे बोलले नाही.

मग एक दिवस केबलचं काम निघालं आणि आमच्या पट्ट्यात सकाळपासून लाइट नाही. पंप बंद. टाकी मुकाट उभी. लाइट आली तेव्हा पाण्याला पुन्हा तो कुबट वास होता. मी जेवणाच्या आधी गुपचूप तपासून बघितलं तर हिरवं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे वजन करायचं होतं, आणि बाबांना आधीच दोन दिवस बारीक कणकण. आजचा दिवस उपाशी काढणं त्यांच्या अंगाला झेपलं नसतं. नाकातल्या त्या नळीचा विचार आला आणि मला दुसरं काही सुचेना. मी स्वयंपाकघरात गेले, पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरचा नळ सोडला आणि किटची नळी त्याने भरली.

बाहेर आणून त्यांच्यासमोर थेंब टाकले. पाणी लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं, टाकीचं ते कधीच इतकं स्वच्छ पिवळं झालेलं नव्हतं. बाबांनी नळी उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग कार्ड न बघताच ती बाजूला ठेवली, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि चित्राहुती मांडल्या.

ते जेवले. पोळी, भाजी, आमटी-भात, मागून पुन्हा भात. मी समोर बसून होते, माझ्या ताटात काय होतं आठवत नाही. ते उठले तेव्हा माझं लक्ष गेलं, चित्राहुती सगळ्या जिथल्या तिथे होत्या. टाकीत त्यांनी एकही शीत सोडलं नव्हतं.

हात धुऊन आले, पंच्याला हात पुसत टाकीपाशी थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमटी छान झालेली आज. उद्या मात्र पाणी टाकीतलं घे."